लाकडी खांब आधी चेपेल की वाकेल?

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं ‘ब्रॉक कॉमन्स’ नावाचं १८ मजली वसतिगृह आहे. २०१७ मध्ये विद्यार्थी तिथे राहायला आले. त्याचा तळमजला आणि लिफ्ट-जिन्यांचे दोन गाभे काँक्रीटचे आहेत. वरच्या १७ मजल्यांचा उभा भार मात्र लाकडी खांब पेलतात. त्यातले जाडजूड म्हणावेत असे खांबही २६५ मिलिमीटर चौरस आहेत, म्हणजे साधारण साडेदहा इंच. फोटो पाहिला की पहिला प्रश्न हाच येतो की, एवढ्या ओझ्याखाली हे वाकत कसे नाहीत?

गणित केलं तर हे खांब बारीक ठरत नाहीत. मजल्याची उंची सुमारे २.८ मीटर. उंचीला जाडीने भागलं की साडेदहाच्या आसपास आकडा येतो. आपल्याकडच्या लाकडी बांधकामाच्या मानकात, म्हणजे आयएस ८८३ मध्ये, हे गुणोत्तर ११ पर्यंत असेल तर खांबाला ‘आखूड’ म्हणतात आणि वाकण्याची चिंता करू नका असं सांगतात. ११ च्या वर मध्यम, त्याच्या वर लांब, आणि ५० च्या पुढचा खांब वापरायचाच नाही. खांब किती मजले पेलतो यापेक्षा दोन आधारांच्या मध्ये तो किती उंच मोकळा उभा आहे, हा प्रश्न आधीचा.

खराट्याचा एक हीर घ्या. दोन्ही तळव्यांच्या मध्ये उभा धरून हलकेच दाबा. जोर लावायच्या आतच तो मधून बाहेर फुगतो. आता त्याच हिराचा दोन सेंटिमीटरचा तुकडा तोडून तसाच दाबा. तो वाकत नाही, तळव्यात रुततो. पदार्थ तोच, जाडी तीच, फक्त लांबी वेगळी. शिवाय लांब हीर सोडला की पुन्हा सरळ होतो. म्हणजे वाकताना तो मोडलाच नव्हता. त्याच्यातला एकही धागा तुटला नव्हता, तरी भार पेलायला तो निकामी झाला होता. यालाच इंजिनिअर बकलिंग म्हणतात. आखूड तुकड्याचा शेवट वेगळा असतो. भार वाढवत नेला तर त्याचं लाकूडच चेपलं जातं.

डच शास्त्रज्ञ पीटर व्हान मुशेनब्रूक यांनी १७२९ मध्ये लाकडी दांडे दाबून केलेल्या प्रयोगांची नोंद प्रसिद्ध केली. लांबी दुप्पट केली की दांडा वाकवायला लागणारा भार चौथाई होतो, असं त्यांना दिसलं. १७४४ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी तेच गणिताने सिद्ध केलं. ऑयलरच्या सूत्रात चारच गोष्टी येतात: पदार्थाचा ताठरपणा, आडव्या छेदाचा आकार, मोकळी लांबी आणि दोन्ही टोकांची पकड. लाकडाची मजबुती, म्हणजे ते किती दाबाला चेपेल हा आकडा, या सूत्रात कुठेच नाही. लांब खांबासाठी जास्त मजबूत लाकूड आणलं, पण त्याचा ताठरपणा तेवढाच असला, तर एक किलोही जास्त पेलला जाणार नाही. छेदाचं महत्त्व मात्र प्रचंड आहे. चौरस खांबाची बाजू फक्त १० टक्क्यांनी वाढवली तर वाकण्याचा भार ४६ टक्क्यांनी वाढतो, कारण तिथे बाजूचा चौथा घात लागतो.

एक खांब घेऊन हिशेब करू. २०० मिलिमीटर चौरस, युरोपात जीएल २४ एच या श्रेणीत विकला जाणारा ग्लुलॅमचा, म्हणजे फळ्या एकावर एक चिकटवून केलेल्या लाकडाचा. चेपण्याची त्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला २४ न्यूटन. सगळ्या छेदाची मिळून ९६० किलोन्यूटन, म्हणजे साधारण ९८ टन. उंची ३ मीटर असेल तर ऑयलरच्या सूत्राने वाकण्याचा भार १४३ टन येतो. तेवढ्याला पोचायच्या आधीच लाकूड चेपेल. उंची ६ मीटर केली की वाकण्याचा भार ३६ टनांवर घसरतो. आता चेपण्याची वेळच येत नाही, खांबाची जवळजवळ दोन तृतीयांश मजबुती वापराविना पडून राहते. दोन्ही आकडे सारखे होतात ते साधारण ३.६ मीटर उंचीला.

कागदावर हे असं स्वच्छ दिसतं. चाचणीयंत्रात ३.६ मीटरचा खांब ठेवला तर तो ९८ टनांना चेपत नाही आणि ९८ टनांना वाकतही नाही. त्याच्या बराच आधी हरतो. खांबांचं खरं अवघडपण या मधल्या पट्ट्यात आहे, आणि इमारतींमधले बरेचसे खांब याच पट्ट्यात असतात.

कारण असं की, सूत्रातला खांब नाकासमोर सरळ असतो आणि भार बरोबर मध्यावर येतो. खरा खांब थोडा बाकदार असतो. एका अंगाला गाठ असते, तिथे लाकूड मऊ पडतं. वरची तुळई दोन-चार मिलिमीटर बाजूला टेकते. समजा खांबाला मुळातच ६ मिलिमीटर बाक आहे. भार ऑयलरच्या भाराच्या निम्म्यावर आला की तो बाक दुप्पट होतो. ८० टक्क्यांवर पाचपट, ९० टक्क्यांवर दहापट. बाक वाढला की आतल्या बाजूच्या धाग्यांवर जास्तीचा दाब येतो, ते चेपू लागतात, चेपले की तिथला ताठरपणा कमी होतो, आणि ताठरपणा कमी झाला की बाक आणखी वाढतो. चेपणं आणि वाकणं एकमेकांना मदत करत खांब पाडतात.

या पट्ट्यासाठी वापरण्याजोगं सूत्र शोधायला दोनशे वर्षं लागली. अमेरिकेत मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीत मोठमोठे लाकडी खांब दाबून पाहिल्यावर १९३० च्या सुमारास चौथ्या घाताची एक वक्ररेषा आली. आयएस ८८३ मधल्या मध्यम खांबांचं सूत्र त्याच घराण्यातलं आहे. पुढे १९५६ मध्ये फिनलंडच्या आर्वो यलिनेन यांनी आखूडपासून लांबपर्यंत सगळ्या खांबांसाठी एकच सलग सूत्र मांडलं, आणि १९९१ पासून अमेरिकी मानकात ते आहे. त्यात खांबाच्या प्रतीसाठी एक आकडा घालावा लागतो: करवतीने कापलेल्या अखंड लाकडाला ०.८, ग्लुलॅमला ०.९. युरोपीय मानकात सूत्र वेगळं आहे, पण तिथेही अखंड लाकडाची ‘खोट’ ०.२ आणि ग्लुलॅमची ०.१ धरतात. दोन खंडांतल्या लोकांनी वेगवेगळ्या वाटेने जाऊन चिकटवलेल्या लाकडावर जास्त भरवसा ठेवला. का, ते पाहण्यासारखं आहे.

आधी गोंदाचं काम समजून घेऊ. तीन सारख्या फळ्या एकावर एक नुसत्या ठेवल्या आणि खांब म्हणून उभ्या केल्या, तर वाकताना प्रत्येक फळी आपापली वाकते आणि शेजारच्या फळीवरून घसरते. त्याच तीन फळ्या पक्क्या चिकटवल्या तर घसरणं थांबतं आणि सगळा छेद एक होऊन वाकण्याला विरोध करतो. ताठरपणा नऊपट होतो. चार फळ्यांना सोळापट. लाकूड एक ग्रॅमही वाढलेलं नाही. खिळ्यांनी जोडलेल्या फळ्यांचं काय, असा प्रश्न सुतारकाम जाणणारा लगेच विचारेल. खिळा थोडा वाकतो, थोडा सरकतो, म्हणून अमेरिकी मानक खिळे मारलेल्या खांबाला त्या दिशेने फक्त ६० टक्के श्रेय देतं, बोल्ट लावलेल्याला ७५ टक्के. पूर्ण श्रेय गोंदालाच.

जर्मनीतल्या वायमारचे ऑटो हेत्झर यांनी १९०६ मध्ये चिकटवलेल्या लाकडाचं पेटंट घेतलं, तेव्हा गोंद होता कॅसिनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा. कोरड्या जागी तो टिकायचा, ओलीत मात्र भरवशाचा नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाण्याला दाद न देणारे कृत्रिम रेझिनचे गोंद आले आणि ग्लुलॅम उघड्यावर वापरता येऊ लागलं.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट, आणि नेमकी तीच विक्रीच्या माहितीपत्रकांतून सुटते. लोक समजतात की चिकटवल्यामुळे लाकूड जास्त मजबूत होतं. युरोपीय मानकांतले आकडे शेजारी ठेवून पाहा. सी २४ या नेहमीच्या श्रेणीच्या अखंड लाकडाचा सरासरी ताठरपणा दर चौरस मिलिमीटरला ११,००० न्यूटन आहे. जीएल २४ एच ग्लुलॅमचा ११,५००. फरक साडेचार टक्के, सांगण्याजोगासुद्धा नाही. आता सरासरी सोडा आणि शंभर खांबांतल्या सर्वांत कमजोर पाचांच्या उंबरठ्यावरचा आकडा पाहा, कारण वाकण्याच्या सुरक्षेचा हिशेब त्यावरच करतात. अखंड लाकूड ७,४००, ग्लुलॅम ९,६००. जवळपास ३० टक्के जास्त. सरासरी फारशी हललेली नाही, तळ मात्र वर आला आहे.

हे होतं सरमिसळीमुळे. अखंड लाकडाचा खांब एका झाडाच्या एका तुकड्यातून येतो. त्या झाडाच्या सगळ्या खोडी, म्हणजे मोठी गाठ, धाग्यांची तिरकी रेषा, कोवळा गाभा, त्या एकाच खांबात एकवटतात. ग्लुलॅमच्या खांबात जास्तीत जास्त साडेचार सेंटिमीटर जाडीच्या, वेगवेगळ्या झाडांतून आलेल्या फळ्या असतात. त्या आधी भट्टीत वाळवतात, तपासून श्रेणी लावतात, मोठ्या गाठी कापून टाकतात आणि टोकं बोटांत बोटं गुंफावीत तशी जोडतात. एखादी फळी कमजोर निघालीच तर शेजारच्या तिला सांभाळून घेतात. वाळवून मग चिकटवल्यामुळे नंतर पिळा पडणंही कमी होतं. खांबाचा बाक किती चालेल याची युरोपीय मर्यादा अखंड लाकडाला लांबीचा ३०० वा भाग आहे, ग्लुलॅमला ५०० वा. तीन मीटरच्या खांबात १० मिलिमीटरच्या जागी ६. लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवून केलेलं एलव्हीएल आणि लाकडाच्या लांब पट्ट्या दाबून केलेलं पीएसएल यांत ही सरमिसळ आणखी बारीक होते. ब्रॉक कॉमन्सच्या खालच्या मजल्यांवर, जिथे भार जास्त होता, तिथे काही खांब पीएसएलचे आहेत.

याचा परिणाम आकड्यांत बघा. मघाचाच २०० मिलिमीटर चौरस, ६ मीटर उंच खांब. युरोपीय सूत्राने ग्लुलॅमचा खांब सुमारे ३३ टन पेलतो, सी २४ चा सुमारे २४ टन. सरासरी ताठरपणात साडेचार टक्क्यांचा फरक असलेल्या दोन लाकडांत, केवळ खात्री आणि सरळपणा यांच्या जोरावर, एक तृतीयांशाहून जास्त फरक पडला.

(हे सगळे आकडे चाचणीच्या पातळीवरचे आहेत, त्यावर थेट घर बांधायचं नसतं. लाकूड महिनोन्महिने भार सहन करत राहिलं की थकतं. म्हणून कायमच्या भारासाठी त्याची मजबुती ६० टक्केच धरतात आणि वर सुरक्षेसाठी १.२५ ने भागतात. ९८ टनांचे ४७ उरतात.)

चेपण्याबद्दलही थोडं सांगायला हवं. सूचिपर्णी लाकूड म्हणजे साधारण ३ मिलिमीटर लांबीच्या, केसाहून बारीक नळ्यांची जुडी. उभ्या दाबाखाली या नळ्यांच्या भिंती एका तिरक्या पट्ट्यात घडी पडल्यासारख्या मुडपतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर खांबाचं चेपणं हेसुद्धा लाखो इवल्या नळ्यांचं वाकणंच असतं. या नळ्या आडव्या दाबल्या तर अगदीच हरतात. जीएल २४ एच उभ्या दिशेत दर चौरस मिलिमीटरला २४ न्यूटन सहन करतं, आडव्या दिशेत फक्त २.५.

म्हणून बहुमजली लाकडी इमारतीत खांब आणि मजल्याचा जोड ही नाजूक जागा. वरचा खांब लाकडी लादीवर टेकवला आणि लादी खालच्या खांबावर, तर सगळ्या मजल्यांचा भार लादीच्या आडव्या धाग्यांतून जाईल आणि लादी चेपेल. ब्रॉक कॉमन्समध्ये वरचा खांब आणि खालचा खांब यांच्यात पोलादी जोड बसवला, भार पोलादातून थेट खांबाकडून खांबाकडे जातो, आणि लादी नुसती कडेला टेकते. तरीही १७ मजल्यांचे खांब भाराने किंचित दबतात, वाळून आकसतात, आणि शेजारचा काँक्रीटचा गाभा त्यांच्याइतका आखूड होत नाही. हा फरक आधीच हिशेबात धरून काही मजल्यांवर जोडांत पोलादाचे पातळ पत्रे घातले होते.

ओलाव्याचं गणित जरा वेगळं आहे. लाकडातला ओलावा १ टक्क्याने वाढला की उभ्या दिशेची चेपण्याची ताकद पाच-सहा टक्क्यांनी घटते, ताठरपणा मात्र दोन टक्क्यांच्या आसपासच घटतो. त्यामुळे ओल आखूड खांबाला जास्त मारते, लांबाला कमी. काळाचा मार उलट्या बाजूने येतो. कोरड्या खोलीतही कायमच्या भाराखाली लाकडाचं वाकणं वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहतं. सुरुवातीच्या वाकण्यात आणखी ६० टक्क्यांची भर पडेल असं धरून हिशेब करतात. आखूड खांबाला याने फारसं बिघडत नाही. बारीक खांबाला याची झळ बसते, कारण बाक वाढला की भार आणखी आडवळणाने येतो.

आणि मग आग. जाड लाकूड पेटतं, पण ठरावीक वेगाने. वरचा थर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. ग्लुलॅमसाठी युरोपात मिनिटाला ०.७ मिलिमीटर हा वेग धरतात, शिवाय कोळशाच्या आतला ७ मिलिमीटरचा तापलेला थर बाद करतात. एका तासात प्रत्येक बाजूने ४९ मिलिमीटर. चारही बाजूंनी वेढलेला आपला २०० चा खांब १०२ चा उरतो.

छेद उरला २६ टक्के. चेपण्याची ताकद ९८ टनांवरून साधारण २५ टनांवर आली. पण वाकण्याचा विरोध बाजूच्या चौथ्या घाताने घटतो, तो सातच टक्के उरला. तीन मीटर उंचीला ऑयलरचा भार १४३ टनांवरून १० टनांच्याही खाली गेला. आग लागण्याआधी हा खांब चेपून हरणाऱ्यांतला होता, तासाभराने तो वाकून हरणाऱ्यांत जमा झाला. नुसता ‘एक चतुर्थांश लाकूड उरलंय, एक चतुर्थांश भार पेलेल’ असा तोंडी हिशेब करणारा इथे अडीचपटीने फसेल. मला वाटतं, लाकडी खांबांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

उपाय सरळ आहे: ३०० चा खांब द्या, तासाभराने आत २०० चा शाबूत राहतो. नाहीतर ब्रॉक कॉमन्ससारखं जिप्सम बोर्डात गुंडाळा. नॉर्वेतला २०१९ चा म्योसतॉर्नेत मनोरा ८५.४ मीटर उंच आहे, आणि त्याचे कोपऱ्यातले ग्लुलॅमचे खांब जवळपास दीड मीटर बाय ६२५ मिलिमीटर आहेत. त्या आकारात वाऱ्याच्या जोराचा मोठा वाटा आहे, पण इतक्या जाड लाकडाला आगीचीही भीती कमी.

आपल्याकडे चिकटवलेल्या लाकडाचे खांब बहुतेकदा दिसतात ते फार्महाऊसच्या पडवीला किंवा रिसॉर्टच्या उंच छपराला. तिथे मजले नसतात, भार थोडा असतो, म्हणून खांब बारीक आणि उंच ठेवायचा मोह होतो. १०० मिलिमीटर चौरस, ४ मीटर उंच, गुणोत्तर ४०. असा खांब चेपायला २४ टन लागतील, वाकायला मात्र ५ टन पुरतील, तेही दोन्ही टोकं जागच्या जागी धरून ठेवली असतील तर. पडवीला बाजूने भिंत नाही, तिरके टेकू नाहीत, छप्पर आडवं हलू शकतं, खांब फक्त खाली घट्ट रोवलेला आहे, असं असेल तर तो ८ मीटरच्या खांबासारखा वागतो. भार सव्वा टनावर येतो आणि गुणोत्तर ८०, म्हणजे मानकाच्या मर्यादेबाहेर.

अशा वेळी महागडी श्रेणी मागवण्यात अर्थ नाही. वर तुळईपासून खांबापर्यंत दोन्ही दिशांना तिरके टेकू द्या, म्हणजे डोकं जागेवर राहील. मध्यावर दोन्ही दिशांना आडवा आधार मिळाला तर वाकण्याचा भार सिद्धांताप्रमाणे चौपट होतो. तेही नको असेल तर बाजू १०० वरून १५० करा. लाकूड सव्वादोनपट लागेल, भार पाचपट होईल. खांब आयताकृती असेल तर तो नेहमी पातळ बाजूला वाकतो, तेव्हा आधार त्या दिशेने हवा. बुंधा थेट जमिनीत पुरू नका, कापलेलं टोक पाणी शोषून घेतं. जुन्या वाड्यांत सागवानी खांबाखाली दगडी तळखडा असायचा, आता त्या जागी पोलादी बूट लावतात. फक्त नुसता टेकवलेला किंवा दोन बोल्टांवर उभा असलेला बुंधा ‘घट्ट रोवलेला’ म्हणून हिशेबात धरू नका. विक्रेत्याला गोंद उघड्यावर, पावसात टिकणारा आहे का, आणि श्रेणीचा शिक्का कुठे आहे, हे विचारा. इंजिनिअरला विचारा की खांबाची मोकळी उंची त्यांनी किती धरली आहे.